संघ तोच राहिला की नवा झाला? : इन्व्हरकार्गिलच्या नेटबॉलची गोष्ट

आज आपण न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला जाणार आहोत. तिथे इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे, साउथलंड प्रांताचं. वस्ती जेमतेम पन्नास हजार. थंडी, वारा, मेंढ्या, दूधदुभतं. १९९०च्या दशकात या प्रांतातली माणसं कमी होत होती, तरुण पोरं उत्तरेकडे निघून जात होती. अशा गावातल्या बायकांच्या एका संघाने देशाला दहा वर्षं दमवलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, त्यामुळे खेळातही आम्हाला आमचाच प्रश्न सापडतो, तेवढी मुभा द्या.

आधी खेळ समजून घेऊ. बास्केटबॉलसारखाच, पण कड्यामागे फळी नाही. एका बाजूला सात जणी. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही, तीन सेकंदांत पुढे द्यायचा. आणि प्रत्येकीच्या अंगावर जागेची अक्षरं असतात. 'जी एस' म्हणजे गोल शूटर, 'सी' म्हणजे सेंटर. अक्षरांवरून ठरतं, मैदानाच्या कुठल्या भागात तिने जायचं. मधल्या सुटीत मुली जागा बदलतात, तेव्हा ती अक्षरं एकीच्या अंगावरून काढून दुसरीच्या अंगावर चिकटवतात. माणूस बदललं, 'सी' तिथेच. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

१९९८ साली न्यूझीलंडमध्ये संघांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, आधी कोका-कोला कप आणि मग नॅशनल बँक कप. साउथलंडचा संघ होता सदर्न स्टिंग. स्टिंग म्हणजे डंख. प्रशिक्षक रॉबिन ब्रॉटन. पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात स्टिंग हरला, आणि हरला कोणाकडून? शेजारच्या ओटागो रेबल्सकडून, म्हणजे ड्यूनेडिनवाल्यांकडून. दोन गावांत रस्त्याने दोनशे किलोमीटर अंतर. शेजाऱ्याकडून हरणं किती झोंबतं ते सांगायला नको.

मग १९९९ ते २००४, सलग सहा वर्षं स्टिंग विजेता. २००७ला सातव्यांदा. लीग दहा वर्षं चालली आणि दहाही अंतिम सामन्यांत स्टिंग होता. बर्निस मेने, देशाची कर्णधार, जन्म क्राइस्टचर्चचा, ती इथे खेळली. डोना लॉफहेगन खेळली, जी देशाकडून नेटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळली. म्हणजे गाव सोडून जाणाऱ्यांच्या काळात नामांकित खेळाडू उलट गावात येत होत्या. आमच्या मते या संघाच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, चषकांचा नंबर नंतर.

आणि पैसा कुठून? ही गंमत ऐका. इन्व्हरकार्गिलमध्ये पूर्वी अनेक वर्षं दारूबंदी होती. ती उठली तेव्हा, १९४४ साली, दारूविक्रीचा हक्क खासगी दुकानदारांना न देता एका सार्वजनिक ट्रस्टला दिला. नफा गावाच्या कामाला. आज स्टेडियमच्या नावाआधी त्याच ट्रस्टची आद्याक्षरं आहेत, आणि पुढे ट्रस्टच्या हॉटेलचं नाव संघाच्या नावाआधी लागलं. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला हे उदाहरण हाती असतं तर तास रंगला असता!

आता आपल्या प्रश्नाकडे. २००८ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून नवी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. पाच संघ इकडचे, पाच तिकडचे. दक्षिणेला दोन संघ कशाला? म्हणून स्टिंग आणि रेबल्स मोडून एक संघ केला, सदर्न स्टील. स्टील म्हणजे पोलाद.

बौद्ध परंपरेत नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. इथे दोन रथ मोडून तिसरा केला. स्टील हा स्टिंगच का? कागदावर नाही, दोन्ही संपले. पण प्रशिक्षक ब्रॉटनच राहिल्या, मुक्काम इन्व्हरकार्गिललाच राहिला, ड्यूनेडिनच्या वाट्याला काही सामने आले. आम्हाला वाटतं, कागद काहीही म्हणो, स्टिंग नाव बदलून जगला आणि रेबल्स मेला. विलीनीकरण म्हणताना समसमान वाटणी झाल्याचा भास होतो. तसं क्वचितच होतं.

१८ सप्टेंबर २०१०ला बर्फाच्या ओझ्याने स्टेडियमचं छत कोसळलं. आत माणसं होती, पण कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. मग शेजारच्या सायकल-शर्यतींच्या बंदिस्त मैदानात सामने झाले. स्टेडियम उभं राहायला २०१४ उजाडलं. दरम्यान ब्रॉटन दुसऱ्या संघाकडे गेल्या. म्हणजे इमारत गेली, प्रशिक्षक गेल्या, जुन्या खेळाडू तर कधीच गेल्या होत्या. शूटरच्या जागेवर आली जमैकाची जॅनील फाउलर, उंची साडेसहा फूट. बघा, अक्षरं तीच, अंग कॅरिबियनचं.

२०१७ला न्यूझीलंडने पुन्हा स्वतःची वेगळी लीग काढली. रींगा ब्लॉक्सहॅम यांच्या हाताखाली स्टील एकही सामना न हरता विजेता झाला. २०१८ला अंतिम सामन्यात पल्स संघाला ५४-५३ असं हरवून पुन्हा एकदा.

या दोन विजयांना स्टिंगच्या सातांत मिळवून नऊ म्हणायचं का? नोंदी ते वेगळे धरतात. आम्ही मिळवले असते. पण मग रेबल्सचा १९९८चा चषकही याच घरात मोजावा लागेल. आणि तो तर स्टिंगलाच हरवून मिळवलेला.