अडविलेल्या पैशाचा हिशेब

१९३९ च्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस जर्मन फौजा प्राग शहरांत शिरल्या. झेकोस्लोव्हाकियाचें बरेंचसें सोनें त्या वेळीं प्रागमध्यें नव्हतें. तें लंडनला बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरांत सुरक्षित होतें. परंतु थोड्याच दिवसांत झेक राष्ट्रीय बँकेच्या नांवानें, वस्तुतः जर्मनांच्या धाकानें, बासेलच्या 'बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स'कडे एक हुकूम गेला. आणि सुमारें २३ टन सोनें जर्मनीच्या राइक्सबँकेच्या खात्यांत जमा झालें. कुलूप फोडावें लागलें नाहीं; वहींतील नांव बदललें, एवढेंच पुरलें. हुकूम वरकरणी बिनचूक होता. तो कोणाच्या मर्जीनें निघाला, हें विचारणें आपलें काम आहे असें कोणासच वाटलें नाहीं.

पुढील वर्षीं, ९ एप्रिल रोजीं, जर्मनीनें डेन्मार्क व नॉर्वे यांवर चाल केली. दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हुकूम काढला कीं, ह्या दोन देशांचा व तेथील प्रजाजनांचा जो पैसा अमेरिकेंत असेल तो सरकारी परवान्याखेरीज हालवूं नये. मूळ धन्याची ठेव आक्रमकाच्या हातीं पडूं नये, हा त्यांतील हेतु. मे-जूनमध्यें हॉलंड, बेल्जम व फ्रान्स, आणि १९४१ च्या जून महिन्यांत जर्मनी-इटलीसह युरोपखंडांतील बहुतेक देश ह्या हुकुमाखालीं आले.

पण नुसता पैसा अडविल्यानें काम भागेना. तटस्थ देशांतील एखाद्या पेढीच्या नांवामागें खरा धनी कोण, हें कसें कळावें? म्हणून त्याच वर्षीं अमेरिकन अर्थखात्यानें परकीय मालमत्तेची मोजदाद आरंभिली. ज्याच्या ताब्यांत परकीयांचें धन असेल त्यानें, मग ती बँक असो वा खासगी गृहस्थ, विहित पत्रकावर तें सरकारास कळवावें, असें ठरलें. बँकेचा कारकून तोंपर्यंत हुकमाचा ताबेदार होता. येथून पुढें तो साक्षीदारहि झाला.

१९५० च्या डिसेंबरांत, कोरियाच्या युद्धांत चीन उतरल्यावर, हें काम अर्थखात्याच्या नव्या शाखेकडे आलें. १९६२ पासून ती परकीय मालमत्ता नियंत्रण कचेरी म्हणून ओळखली जाते. तिच्या नियमांत 'अडविणें' व 'नाकारणें' यांत भेद केला आहे. अडविणें म्हणजे निर्बंधित व्यक्तीचा पैसा बँकेनें वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यांत ठेवणें. मालकी मूळ धन्याचीच राहते. नाकारणें म्हणजे, जेथें अडविण्याजोगें धन नाहीं परंतु व्यवहार निषिद्ध आहे, तेथें तो न करतां परत धाडणें. दोहोंची वर्दी कामकाजाच्या १० दिवसांत द्यावी लागते. शिवाय ३० जून रोजीं जें अडकलेलें असेल त्याचा वार्षिक हिशेब ३० सप्टेंबरपर्यंत सादर करावा लागतो.

नियम आला कीं पळवाटहि येते. डॉलरांतील देणीं बहुधा न्यूयॉर्कच्या बँकांतून जातात. मुंबईच्या व्यापाऱ्यानें परदेशीं धाडलेले डॉलरदेखील बहुधा त्याच वाटेनें जातात. तेव्हां संदेशांतून निर्बंधित पक्षाचें नांवच गाळलें, तर तपासणाऱ्यास काय दिसणार? फ्रान्सच्या बी. एन. पी. पारिबास बँकेनें सुदान, इराण व क्यूबा यांच्या व्यवहारांबाबत २०१४ सालीं गुन्हा कबूल केला आणि सुमारें ८९० कोटी डॉलर भरण्याचें मान्य केलें. नांवें गाळणें हा त्यांतील एक प्रकार होता. १९३९ सालीं वहींतील नांव बदललें होतें. येथें तें पुसलें गेलें.

अलीकडील फेरफार ह्या दृष्टीनें पाहण्याजोगे आहेत. नाकारलेल्या व्यवहाराची वर्दी केवळ बँकांनींच नव्हे, तर प्रत्येक अमेरिकन व्यक्तीनें व संस्थेनें द्यावी, असें २०१९ च्या जूनमध्यें स्पष्ट करण्यांत आलें. २०२४ च्या ऑगस्टपासून वर्द्या संगणकाद्वारें देण्याचें बंधन आलें, आणि अडविलेला पैसा मोकळा झाल्याचीहि नोंद मागितली जाऊं लागली. कागदपत्रें जपण्याची मुदत १२ मार्च २०२५ पासून ५ वर्षांवरून १० वर्षांवर गेली.

ह्यानें बँकांचें ओझें वाढलें, हें खरें. नामसाधर्म्यामुळें निर्दोष माणसाचा पैसा अडकून पडण्याचें भयहि आहेच. घरभाडें वा औषधपाणी खोळंबलेल्यास निर्बंधांचें तत्त्वज्ञान सांगून काय उपयोग? परंतु पैसा कोणी, केव्हां, कोणत्या कारणानें अडविला, ह्याची नोंदच नसेल, तर त्या निर्दोषानें दाद तरी कशाच्या आधारें मागावी? जी नोंद लबाडास पकडते तीच निरपराध्यास सोडविते.

प्रागचें उदाहरण येथें पुन्हां आठवावें. लुटलेल्या सोन्याच्या भरपाईचा मोठा वांटा, १८ टनांहून अधिक, त्या देशास १९८२ सालीं परत मिळाला. वहींतील नांव बदलण्यास कांहीं दिवस पुरले होते. चूक दुरुस्त होण्यास ४३ वर्षें लागलीं.