वर्णांचा नाग

आमच्या बेळगावकडे नागपंचमी दोन भाषांतून येते. श्रावण शुद्ध पंचमीला आजी पाटावर गंधाने नाग काढायची आणि लाह्या-दूध वाहायची. त्या दिवशी घरात विळीला हात लावायचा नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. शेजारच्या कानडी अक्का पिंपळाच्या पारावरच्या नागाच्या दगडावर 'हालु' घालायला निघाल्या की आम्हां पोरांनाही बरोबर न्यायच्या. आजीचा तो नागोबा, अक्कांचा नागप्पा. देव एकच, हे आम्हांला कुणी शिकवावे लागले नाही.

पुढे शिकायला पुण्यात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत बोलून खाली उतरलो, तेव्हा परीक्षक हसत म्हणाले, "तुम्ही सीमेवरची माणसं म्हणजे दोन जिभांची. एकही धड नाही." गावी परतल्यावर एका कचेरीत कानडीत अर्ज समजावून सांगू लागलो, तर तिथेही माझ्या हेलाची नक्कल झाली. संस्कृतात सापाला 'द्विजिह्व' म्हणतात आणि चहाडखोरालाही तोच शब्द आहे. तो काटा माझ्या मनात रुतून बसला. कविता लिहिताना एखादा कानडी शब्द आपसूक ओळीत यायचा. मी तो निमूटपणे खोडून टाकायचो.

या काट्यावर उतारा मिळाला तो उज्जैनला.

मी गेलो होतो नागचंद्रेश्वराच्या दर्शनाला. महाकाळाच्या मंदिरात तळाशी महाकाळेश्वर, मधल्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि सर्वांत वर नागचंद्रेश्वर. हा वरचा दरवाजा वर्षातून फक्त नागपंचमीला उघडतो. रात्रभर रांगेत उभे राहून नागफण्यांच्या छत्राखाली बसलेले शिवपार्वती पाहिले. मराठी माणसाला इथे परके वाटत नाही. इल्तुतमिशाच्या स्वारीत (१२३४-३५) उद्ध्वस्त झालेले हे स्थान अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले ते राणोजी शिंद्यांच्या कारकिर्दीत, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवीपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या या घराण्याच्या राजचिन्हातही सूर्याच्या दोन्ही बाजूंना नाग आहेत. पूर्वजाच्या डोक्यावर नागाने फणा धरल्याची दंतकथा त्यामागे सांगतात.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचे कुटुंब कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून तिकडे गेलेले. घरमालक काका माजघरात मराठी बोलत आणि ओसरीवर आले की माळवी. गर्दी ओसरल्यावर ते म्हणाले, "वरचा नाग पाहिलात, आता अक्षरांचा नाग बघा." त्यांनी मला महाकाळाच्या आवारातली एक शिळा दाखवली.

ती परमारांच्या काळची. नागाची वळणे कोरलेली आणि त्यांत अक्षरे बसवलेली. वर्णमाला आहे, व्याकरणातले प्रत्यय आहेत. असे सर्पबंध माळव्यात धारला आहेत, निमाडात ऊनलाही आहेत. धारचे लेख विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांपुढे आणले ते धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांनी. या रचनेला 'वर्णनागकृपाणिका' असे नाव आहे. वर्णांच्या नागाची तलवार! 'वर्ण' शब्दावर इथे श्लेष आहे. वर्ण म्हणजे समाजातले वर्ण आणि वर्ण म्हणजे अक्षरेही. दोहोंचे रक्षण करणारी ही राजाची तलवार. आणि राजा कोण, तर उदयादित्य. भोजराजाच्या मृत्यूनंतर शत्रूंनी दोन्हीकडून माळवा दाबला होता. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ज्याने सावरला, तोच हा. राज्य सावरणाऱ्या राजाने अक्षरांच्या राखणीला नाग बसवावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

मग एकेक आठवत गेले. व्याकरणावर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलींना परंपरा शेषाचा अवतार मानते. महाभारतातली कथा सांगते की अमृताचा कलश जिथे ठेवला होता तिथले दर्भ नागांनी चाटले, म्हणून त्यांची जीभ चिरली. म्हणजे ती जीभ दुभंगली अमृताच्या ओढीने, कपटाने नव्हे. प्राणिशास्त्र तर आणखी पुढे जाते. जिभेच्या दोन टोकांवर साप दोन बाजूंचे गंधकण टिपतो, टाळूतल्या इंद्रियाला पोचवतो आणि कोणत्या बाजूला गंध अधिक आहे ते ताडून वाट ठरवतो. दुभंगलेली जीभ हे त्याचे वैगुण्य नाही. तिच्यावाचून त्याला दिशाच कळायची नाही.

काकांना मी परीक्षकांचे ते वाक्य सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "अहो, दोन्ही भाषांत शिव्या कळतात, तशाच दोन्ही भाषांत ओव्याही कळतात. नफाच की!"

घरी आल्यावर कवितांची जुनी वही काढली आणि खोडलेले शब्द जागच्या जागी लिहायला बसलो. आजी दूध म्हणायची आणि अक्का हालु. एका कवितेत मला दोन्ही हवे होते, ते दोन्ही ठेवले. सगळेच शब्द मात्र परत आले नाहीत. काही मी इतक्या जोराने खोडले होते की कागदच फाटला होता.