पूर्णा जंक्शनवर सात तास

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, राजा अगदी थोडाच वेळ येणार आहे. आज आहे एक रेल्वे स्टेशन आणि तिथल्या बाकड्यावर काढलेली एक रात्र.

झालं असं की, मी नोकरीला हैदराबादला आणि मित्राचं लग्न अकोल्याला. थेट गाडीचं तिकीट काही मिळालं नाही. मग प्रवासाचे दोन तुकडे केले, हैदराबाद ते पूर्णा आणि पूर्णा ते अकोला. पूर्णा म्हणजे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि जुनं जंक्शन. रात्री अकराला उतरलो. पुढची गाडी सकाळी सहाला. आमचं घर सेलूला, म्हणजे याच जिल्ह्यात, पण मध्यरात्री घरी जाऊन पहाटे परत येणं काही जमणारं नव्हतं.

बॅग उशाला घेतली, चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "कुठं जायलात?" म्हटलं, अकोल्याला. तो म्हणाला, "मग बसा निवांत. लई टाइम हाय."

तेवढ्यात पप्पांचा फोन आला. सात तास थांबायचंय म्हणून मी जरा कुरकुर केली. पप्पा हसले आणि म्हणाले, "सात तासाचं काय घेऊन बसलास? मनमाड आठव."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्या घरात एखादं काम अर्ध्यावर अडकलं की आजी म्हणायची, "मनमाड झालं बघ." गॅसचा नंबर लागला पण सिलिंडर आलं नाही, की मनमाड झालं. मला लहानपणापासून वाटायचं, ही म्हणच आहे. त्या रात्री पप्पांनी पहिल्यांदा त्यामागची गोष्ट नीट सांगितली.

1986 साल. आजीचं पोटाचं मोठं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं होतं. पप्पा तेव्हा बावीस वर्षांचे. सेलूहून संध्याकाळच्या गाडीत तिला कसंबसं आडवं केलं. तिला बसवत नव्हतं, कुशीवर वळवत नव्हतं. जालना गेलं, औरंगाबाद गेलं आणि दुखता दुखता तिचा एकदाचा डोळा लागला. आणि मनमाड आलं. गाडी तिथंच संपायची. पप्पांनी तिला उठवलं. एका हमालाला सोबत घेतलं आणि दोघांनी तिला खुर्चीत बसवून पूल चढवला-उतरवला. मुंबईची गाडी पहाटे होती. तोवर ती फलाटावर सतरंजीवर पडून होती. पप्पा म्हणाले, "ऑपरेशनचं मला एवढं आठवत नाही. तिला झोपेतून उठवलं ते आठवतं."

मी विचारलं, थेट गाडी नव्हती का? तर म्हणाले, "थेट कशी असणार? आपली लहान लाईन, त्यांची मोठी."

फोन ठेवला आणि मला झोप येईना. पुढचे तास मी हेच वाचत बसलो, की ही लाईन लहान केली कुणी?

तर थोडं मागे जाऊ. 1853 साली मुंबई-ठाणे गाडी धावली ती मोठ्या लाईनवर. दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. हेच माप घेऊन मुंबईची लाईन मनमाड, भुसावळ, अकोला अशी पुढे गेली. पण मोठी लाईन महाग पडत होती. रूळ जड, भराव रुंद, पूल मोठे. म्हणून 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात ठरलं, की कमी रहदारीच्या भागात लहान, स्वस्त लाईन टाकायची. किती लहान? त्या वेळी सरकारच्या डोक्यात भारतात दशमान मापं आणायचं होतं, म्हणून माप ठरलं बरोबर एक मीटर. गंमत बघा, दशमान मापं काही तेव्हा आली नाहीत. त्यासाठीचा कायदा स्वतंत्र भारतात 1956 मध्ये झाला. म्हणजे देशात मीटर यायच्या ऐंशीएक वर्षं आधी मीटरगेज आली होती!

आता येतो निजाम. मराठवाडा हैदराबाद संस्थानात. गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद आणि मनमाड जोडायचं ठरलं, आणि ही लाईन झाली मीटरगेज. 1900 च्या सुमारास ती सुरू झाली. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद ही सगळी स्टेशनं त्याच लाईनवरची. हा काळ मोठ्या दुष्काळाचाही होता, हे लक्षात ठेवा.

स्वस्तात झाली हे खरं. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नसतील, तर मध्ये अडॅप्टर लागतो आणि त्याचा खर्च कायमचा मागे लागतो. मनमाडला अडॅप्टर काय होता? हमालाची पाठ. परभणी-सेलूचा कापूस मुंबईला निघाला की मनमाडला लहान डब्यातून काढून मोठ्या डब्यात भरायचा. गाठीला निदान दुखत नाही. माणसांना फलाट बदलायचा, पोरं सांभाळायची, ट्रंका मोजायच्या. शिवाय मनमाड इंग्रजी मुलखात. म्हणजे संस्थानातल्या माणसाचा हाली शिक्का एका बाजूला आणि कलदार रुपया दुसऱ्या बाजूला.

लाईन बांधताना वाचवलेले पैसे हिशेबात दिसतात. फलाटावर गेलेल्या रात्री कुणाच्याच वहीत लिहिल्या जात नाहीत. त्या रात्री मला सगळ्यात जास्त हेच खटकलं.

आणि मी जिथं बसलो होतो त्या पूर्णेचं काय? 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो 1999 साली. पण ही लाईन हिंगोलीला जाऊन थांबली. पुढं अकोल्याला मुंबईची मोठी लाईन, आणि मधे काहीच नाही. जवळजवळ पन्नास वर्षं ती तशीच अर्धवट राहिली. आजीच्या भाषेत, मनमाड झालं. मधल्या काळात 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1951 मध्ये निजामाची रेल्वे भारतीय रेल्वेत आली, आणि 1960 च्या आसपास हिंगोली-अकोला-खंडवा जोडलं गेलं.

मग मात्र पूर्णेला चांगले दिवस आले. राजस्थानातून निघालेली मीटरगेज गाडी खंडवा, अकोला, पूर्णा करत सिकंदराबादपर्यंत एकाच मापावर यायला लागली. मीनाक्षी एक्स्प्रेस अनेकांना आठवत असेल. जयपूरची माणसं पूर्णेच्या फलाटावर चहा प्यायची. ज्या लहान लाईननं आम्हाला मुंबईपासून तोडलं, तिनंच आम्हाला राजस्थानशी जोडलं होतं. हे मला माहीतच नव्हतं.

1992 पासून रेल्वेनं देशभर एकच माप करायचं मोठं काम हाती घेतलं. त्याच दशकात मनमाडहून मोठी लाईन आमच्याकडे सरकत आली. आज देवगिरी, तपोवन, नंदीग्राम या गाड्या परभणीहून थेट मुंबईला जातात. मनमाड येतं आणि जातं, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पूर्णा-अकोला मोठी लाईन 2008 मध्ये झाली, म्हणून मी त्या रात्री अकोल्याची गाडी धरू शकत होतो.

पण गोष्ट इथं संपत नाही. अकोल्याच्या पुढे खंडव्याकडची लाईन मेळघाटच्या जंगलातून जायची. धुळघाटजवळ ती वळसा घालून स्वतःच्याच खालून निघायची. मोठी लाईन करण्यासाठी 2017 मध्ये ती बंद केली. अकोटपर्यंत काम झालं, पण मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प, म्हणून तिथून रूळ न्यायचे की जंगलाबाहेरून, यावर वाद झाला. वाघाच्या घरातून जास्त गाड्या नेऊ नयेत, हे मला पटतं. पण बाहेरचा रस्ता ठरून तयार होईपर्यंत खंडव्याकडे जाणारा माणूस अकोल्याला उतरून दुसरी गाडी शोधतो. तिथंही कुणाची तरी आजी असणार.

रात्री तीनच्या सुमारास फलाटावर मी माणसं मोजली. शेजारी एक बाई दोन लेकरं घेऊन बसली होती, थोरलं झोपलेलं, धाकटं मांडीवर. पुण्याकडं कामाला निघालेली चार पोरं एकाच चादरीवर पसरली होती. एक म्हातारे गृहस्थ फाइलची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून जागे होते. त्यात एक्स-रेचं मोठं पाकीट दिसत होतं. मी त्यांना काही विचारलं नाही. फक्त त्यांची गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते मोबाइलवर बघून दिलं आणि पूल चढावा लागणार नाही असं सांगितलं. ते म्हणाले, "लई बरं झालं, बाबा."

अकोल्याची गाडी सव्वासहाला आली. लग्नाला वेळेत पोचलो. परत आल्यावर घरी गेलो तेव्हा पप्पांना एवढंच विचारलं, की त्या रात्री मनमाडला आजी काही बोलली होती का? पप्पा म्हणाले, "म्हणली, आता उठवू नको मला. डायरेक मुंबईलाच उठव."

आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. ऑपरेशननंतर ती बरीच वर्षं जगली. थेट गाडी सुरू झाल्यावर एकदा मुंबईला जाऊनही आली, आणि मनमाड आलं तेव्हा मुद्दाम जागी राहून खिडकीतून बघत होती म्हणे.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी मनमाडला, पूर्णेला, खंडव्याला गाडी बदललेली असेल, तर त्यांना एकदा विचारा, ती रात्र कशी काढली. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.