संगणकीय पुरावाशोधन (गोमंतक)

संगणकीय पुरावाशोधन : जप्त केलेल्या संगणक, भ्रमणध्वनी, पेनड्राइव्ह इत्यादी साधनांतील मजकूर, मूळ मुद्देमालास यत्किंचितही धक्का न लावता, न्यायवैद्यक संगणकप्रणालींच्या साहाय्याने हुडकून न्यायालयात ग्राह्य ठरेल अशा रीतीने मांडण्याची विद्या.

पद्धती : पंचनामा होऊन मोहोरबंद झालेला मुद्देमाल प्रयोगशाळेत आला म्हणजे त्यातील हार्ड डिस्क थेट उघडीत नाहीत, राइट ब्लॉकर हे लेखनरोधक उपकरण मध्ये जोडून तिची बिटागणिक प्रत घेतात आणि मूळ व प्रत या दोहोंची ‘हॅश’ नामक गणिती मुद्रा काढतात. एसएचए-२५६ पद्धतीची ही मुद्रा चौसष्ट चिन्हांची असून मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार पालटते. म्हणून दोन्ही मुद्रा जुळल्यावरच पुढील शोध, तोही केवळ प्रतीवर, आरंभितात. एनकेस, एफटीके, ऑटोप्सी या प्रणाली शब्दसूची तयार करतात, तसेच पुसलेल्या, परंतु ज्यांच्या जागी अद्याप दुसरे लेखन झाले नाही अशा फाइलीही धुंडाळतात.

स्थानिक वैशिष्ट्य : गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचा दर्जा मिळाला व मराठीच्या शासकीय वापरासही मुभा राहिली, रोमी कोंकणी आणि इंग्रजी यांचा व्यवहारही चालूच आहे. त्यामुळे एकच गाव दप्तरात अनेक रूपांनी नांदते : पेडणे म्हणजेच पेर्नेम, डिचोली म्हणजेच बिचोलिम. जमिनीच्या बनावट दस्तऐवजाचा तपास असेल, तर ‘एक-चौदाच्या उताऱ्या’शी, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीशी, संबंधित फाइल यांपैकी कोणत्या नावाने दडली असेल याचा नेम नसतो. शिवाय ‘पेडणे’ हा शब्द यूटीएफ-८ संकेतनात १५ बाइटांचा, तर यूटीएफ-१६ मध्ये १० बाइटांचा होतो. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकातील मजकूर तर पडद्यावर मराठी दिसूनही डिस्कवर भलत्याच चिन्हांत साठविलेला असतो, आणि युनिकोड देवनागरीत केलेल्या शोधास तो सापडत नाही.

कायदा : जालना येथील निवडणूकविवादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, मूळ साधन हजर केले नसेल तेथे पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठरविले. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात हॅशमुद्रेचाही उल्लेख करावा लागतो, आणि त्याच दिवशी अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले.

संस्था : गोव्याची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा वेर्णे येथे असून राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्रही गोव्यात आहे.

मूल्यमापन : यंत्र तेवढेच शोधते जेवढे त्यास सांगितले जाते, तेव्हा तपासी अंमलदारास कलमांइतकीच त्या मुलखाची बोली, जुनी नावे आणि लेखनाच्या तऱ्हा अवगत असणे अगत्याचे होय. कोणते शब्द, कोणत्या लिपीत व कोणत्या संकेतनात शोधले याची यादी ज्या अहवालास जोडलेली नाही, त्यातील ‘काही आढळले नाही’ हा शेरा आरोपीच्या वा फिर्यादीच्या, कोणाच्याच बाजूने निर्णायक मानू नये.