ब्रुकलँड्स: आधी गाड्या, मग विमानं आणि शेवटी उरलेली भिंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. बोलताना जे "म्हणजे", "तर" आणि "बघा" येतात त्यातले बरेचसे गाळलेत, सगळे नाही.

आजचा विषय जरा लांबचा आहे. इंग्लंडमधला. लंडनच्या नैऋत्येला साधारण तीस किलोमीटरवर, सरे परगण्यात वेब्रिज नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी ब्रुकलँड्स. मुद्दाम मोटारींच्या शर्यतीसाठी म्हणून बांधलेला जगातला पहिला ट्रॅक हाच, आणि त्याच ट्रॅकच्या पोटात पुढे विमानतळ झाला, विमानांचे कारखाने झाले. आज त्याचे तुकडे उरलेत. कुठला तुकडा उरला, कुठला गेला आणि का गेला, हे आज पाहू.

मी मूळचा मुलचेऱ्याचा. आमच्याकडे रेसिंग ट्रॅकही नाही आणि विमानतळही नाही, मग हा विषय का? त्याचं उत्तर शेवटाकडे येईल. आधी जागा समजून घेऊ.

ट्रॅक बांधायची गरज का पडली?

१९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. आपल्या एसटीचा ड्रायव्हरही हसेल. फ्रान्स-इटलीत तेव्हा रस्ते बंद करून शर्यती होत. इंग्रज कारखानदारांना मात्र स्वतःची गाडी जोरात पळवून बघायला जागाच नव्हती. गाडी तासभर पूर्ण वेगाने पळवल्याशिवाय इंजिन कुठे तापतं, टायर कधी फाटतो, हे कळणार कसं? आमच्या भाषेत सांगायचं तर लोड टेस्टिंग न करताच माल बाजारात जात होता.

ह्यू लॉक किंग हा तिथला श्रीमंत जमीनदार. १९०५ मध्ये तो इटलीत ब्रेशाची शर्यत बघून आला. तिथे इंग्रज गाड्या का दिसत नाहीत याचं कारण त्याला कळलं आणि त्याने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने ट्रॅक बांधायचं ठरवलं. खर्च गेला दीड लाख पौंडांच्या आसपास. त्या काळातले दीड लाख! माणूस जवळजवळ बुडाला. त्याची बायको एथेल आणि तिचं माहेर मदतीला उभं राहिलं म्हणून काम पुरं झालं. शेकडो मजुरांनी ते वर्षभराच्या आत उरकलं आणि १७ जून १९०७ ला ट्रॅक सुरू झाला.

नकाशा डोळ्यासमोर आणा

कागदावर एक लांबट अंडं काढा, एक टोक जरा निमुळतं. ही बाहेरची वाट, एक फेरी सुमारे पावणेतीन मैलांची, म्हणजे ४.४ किलोमीटर. रुंदी १०० फूट.

गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने पळत. उत्तरेच्या टोकाला 'मेंबर्स बँकिंग' हे आखूड वळण. तिथून बाहेर पडलं की रेल्वेलाइनच्या कडेने सरळ पट्टा, त्याचं नाव 'रेल्वे स्ट्रेट'. मग दक्षिणेकडचं लांबलचक वळण 'बायफ्लीट बँकिंग'. ते संपलं की 'फोर्क', म्हणजे फाटा. फाट्यावरून उजवीकडे राहिलं की पुन्हा बाहेरची फेरी, आणि डावीकडे आत वळलं की शर्यत संपवायचा पट्टा, 'फिनिशिंग स्ट्रेट'.

आता हे 'बँकिंग' काय? जत्रेतला 'मौत का कुआँ' आठवा. मोटारसायकलवाला उभ्या भिंतीवर का टिकतो? वेग त्याला बाहेर फेकू बघतो आणि भिंत त्याला आत ढकलते. वळणावरचा रस्ता बाहेरच्या बाजूने उचलला तर गाडीला तोच आधार मिळतो. मेंबर्स बँकिंगचं वळण आखूड म्हणून तिथला उचल जास्त, जवळजवळ २९ फूट. बायफ्लीटचं वळण ऐसपैस म्हणून तिथे उचल कमी, २२ फुटांच्या आसपास. म्हणजे शर्यतीचा रस्ता तीन मजली घराच्या उंचीपर्यंत चढत होता. हा आराखडा कर्नल हॉल्डन यांचा.

एवढ्या उतारावर डांबर टिकणं अवघड, म्हणून सगळा ट्रॅक काँक्रीटचा. आणि इथेच त्याचं कायमचं दुखणं सुरू झालं. खाली भरावाची माती. ती हळूहळू बसत गेली, वरचं काँक्रीट जागोजागी खचलं. मेंबर्स बँकिंग वे नदीवरून जायचं, तिथे प्रबलित काँक्रीटचा पूल होता. पूल जागेवर राहिला आणि पुढची जमीन बसली, त्यामुळे तिथे असा धक्का तयार झाला की जोरात आलेली गाडी चारही चाकांनी हवेत उडायची. ब्रुकलँड्सचे सगळ्यात गाजलेले फोटो त्या धक्क्यावरचेच आहेत. बांधकामातली चूक, आणि लोक तिकीट काढून तीच बघायला यायचे!

घोड्यांचे नियम, मोटारींची शर्यत

मोटारींची शर्यत कशी भरवायची हे कुणालाच माहीत नव्हतं. मग सरळ घोड्यांच्या शर्यतीची पद्धत उचलली. ड्रायव्हर ओळखू यावा म्हणून जॉकीसारखे रंगीत अंगरखे. गाड्या लावायच्या जागेला 'पॅडॉक'. वेगवान गाडीला उशिरा सोडायचं, म्हणजे हँडिकॅप. 'पॅडॉक' हा शब्द आज फॉर्म्युला वनमध्येही आहे.

पहिली शर्यत ६ जुलै १९०७ ची, पण त्याआधीच एक पराक्रम झाला. २८ आणि २९ जूनला सेल्विन एज नावाच्या गृहस्थाने नेपियर गाडी एकट्याने सलग २४ तास चालवली. रात्री कडेला कंदील लावले होते. अंतर पडलं १५८१ मैल, सरासरी ताशी सुमारे १०६ किलोमीटर. १५ फेब्रुवारी १९१३ ला पर्सी लँबर्टने टॅल्बट गाडीत एका तासात १०० मैलांपेक्षा जास्त अंतर कापलं, जगात पहिल्यांदा. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, पुन्हा विक्रमाच्या प्रयत्नात, तो याच ट्रॅकवर गेला. शेवटचा विक्रम जॉन कॉबचा. ७ ऑक्टोबर १९३५, एक फेरी ताशी १४३.४४ मैलांनी, म्हणजे २३० किलोमीटरच्या वर. त्याच्या नेपियर-रेल्टन गाडीत २४ लिटरचं विमानाचं इंजिन होतं. तो विक्रम कुणी मोडला नाही, कारण पुढे ट्रॅकच राहिला नाही.

पोटातला विमानतळ

अंड्याच्या आत मोकळी जमीन होती. ए. व्ही. रो या धडपड्याने १९०७-०८ मध्येच तिथे एका शेडमध्ये विमानाचे प्रयोग सुरू केले होते. १९०९ नंतर मधली जमीन साफ झाली आणि शेडांची रांगच उभी राहिली. १९१० पासून तिथे उड्डाणाच्या शाळा निघाल्या. हिल्डा ह्युलेट या बाईंनी तिथे शाळा चालवली आणि १९११ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला ठरल्या. त्याच सुमाराला विमानाच्या सफरीची तिकिटं विकायची एक छोटी खोली तिथे बांधली गेली.

पहिल्या महायुद्धात शर्यती थांबल्या, विमानं वाढली. सॉपविथ कंपनीच्या 'कॅमल' विमानाचं पहिलं उड्डाण ब्रुकलँड्सवरून झालं. हेच कॅमल १९१७ मध्ये हार्दितसिंग मलिक या आपल्या माणसाने युद्धात उडवलं. ६ नोव्हेंबर १९३५ ला, कॉबच्या विक्रमानंतर बरोबर महिन्याभराने, 'हॉकर हरिकेन' पहिल्यांदा उडालं तेही इथूनच. १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत अर्जनसिंगांची स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. १९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सने 'व्हायकाउंट' ही प्रवासी विमानं घेतली, ती विकर्सची, आणि विकर्सचा कारखाना ब्रुकलँड्सला. आपला संबंध नाही असं वाटतं, पण तसं नाही.

ट्रॅक कसा मोडत गेला

शेवटची शर्यत ७ ऑगस्ट १९३९ ची. महिन्याभरात युद्ध सुरू झालं. वरून दिसू नये म्हणून काँक्रीटच्या ट्रॅकवर झाडं लावली, जागा हवी म्हणून ट्रॅकवरच शेड उभारल्या. तरीही ४ सप्टेंबर १९४० ला जर्मन विमानांनी विकर्सच्या कारखान्यावर बॉम्ब टाकले. ऐंशीहून जास्त कामगार मेले. दुपारची वेळ, कामावरची साधी माणसं.

१९४६ मध्ये ट्रॅक विकर्सला विकला गेला. पुढे जेट बॉम्बर आले. त्यांना लांब, पक्की धावपट्टी लागते आणि समोर बायफ्लीट बँकिंगची भिंत आडवी. १९५१ मध्ये भिंतीला खिंडार पाडलं, विमानं त्यातून बाहेर उडू लागली. १९६९ मध्ये नदीवरचा तो प्रसिद्ध पूलही पाडला. कारखाना १९८० च्या दशकाच्या शेवटी बंद झाला.

आज उपग्रह नकाशावर ब्रुकलँड्स उघडा. मी घरी गेलो की असले नकाशे रात्री उघडतो, दिवसा मुलचेऱ्यात नेटवर्क धड नसतं. अंड्याचा आकार अजून स्पष्ट दिसतो, फक्त मधेमधे तुटलेला. मेंबर्स बँकिंगचा चांगला मोठा भाग उभा आहे. त्याच्यावरचा पादचारी पूल, १९०७ चं क्लबहाउस आणि तिकिटांची ती खोली शाबूत आहेत. गाड्यांचे ब्रेक आणि दम तपासायला १९०९ मध्ये केलेला 'टेस्ट हिल' हा १०७ मीटरचा चढ आहे, त्याचा शेवटचा भाग चारास एक. बायफ्लीट बँकिंगच्या लांब तुकड्याच्या आत व्यापारी वसाहत आणि दुकानं आली. धावपट्टीच्या जागेवर २००६ मध्ये मर्सिडीजचं मोठं दालन झालं. संग्रहालय १९९१ पासून आहे. कॉबची नेपियर-रेल्टन तिथेच आहे, आणि १९८५ मध्ये लॉख नेस तळ्यातून वर काढलेलं वेलिंग्टन बॉम्बरही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट २०१७ ची. युद्धाच्या वेळी फिनिशिंग स्ट्रेटवर एक हँगर उभारला होता. आता तोही ऐतिहासिक आणि खालचा ट्रॅकही ऐतिहासिक. काय ठेवायचं? त्यांनी हँगर उचलून बाजूला उभारला, दुरुस्त केला आणि खालचा ट्रॅक मोकळा केला. दोन्ही राहिलं. जुन्या कोडवर नवं कोड चढवलं की खालचं पुसूनच टाकायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. इथे कुणीतरी थांबून विचार केला.

मग आपल्याला काय?

चंद्रपूरचा परकोट डोळ्यासमोर आणा. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेली सुमारे ११ किलोमीटरची भिंत. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि मधल्या खिडक्या. मुलचेऱ्याहून चंद्रपूरला कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी जाणारे आपण सगळे जटपुरा गेटच्या गर्दीत अडकलेलो आहोत, आणि गेटकडे वर बघून कुणी क्वचितच पाहतं. शहर वाढलं, भिंत आडवी यायला लागली, बुरुजांवर झुडपं वाढली. २०१७ पासून इको-प्रोच्या पोरांनी हातात विळे-कुदळी घेऊन ती साफ करायला घेतली, म्हणून आज त्या तटावरून चालता येतं.

दोन्ही गोष्टींत प्रश्न एकच आहे. मोठं वर्तुळ, आत जिवंत गाव किंवा कारखाना, आणि आतल्यांना बाहेर जायला वाट हवी. बायफ्लीटच्या खिंडाराबद्दल मला चीड येत नाही. ते खिंडार नसतं तर ते बॉम्बर उडाले नसते, आणि आज ते खिंडारसुद्धा इतिहासच सांगतं. अडचण गरजेपोटी पाडलेल्या खिंडाराची नाही. अडचण आहे ती कुणीही न ठरवता, कुठेही न नोंदता हळूहळू गायब होणाऱ्या भिंतीची. ब्रुकलँड्सचा पूल कधी पाडला ते वर्षासकट सांगता येतं. आपल्या किती बुरुजांबद्दल, किती मामा तलावांच्या पाळींबद्दल असं सांगता येईल?

माझं काम डेटाचं आहे, म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. तुमच्या गावातली जुनी पाळ, वेस, विहीर, मंदिराचा ओटा, जे काही असेल त्याचा फोटो काढा. तारीख लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे आधी कुठपर्यंत होतं. पायांनी मोजा आणि लिहून ठेवा. ब्रुकलँड्स वाचवायला पैसा लागला हे खरं, पण पैशाच्या आधी तिथे कुणाकडे तरी नकाशा होता. कुठला तुकडा कशाचा, हे माहीत होतं. एवढं तर आपण फुकटात करू शकतो.

तुम्ही मोजलंत तर मला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुन्हा.