मी ऐकलेलं गीतरामायण

आमच्या बँकेत दुपारी दीड ते दोन ही वेळ जेवणाची असते, असं बाहेर पाटीवर लिहिलेलं आहे. वास्तविक ती वेळ बढाया मारण्याची असते. जेवण हे त्यातलं तोंडीलावणं. साहेबांच्या बदल्या, महागाई भत्ता आणि मुलांचे टक्के हे विषय संपले की डबे धुवायला जाईपर्यंत जी दहा मिनिटं उरतात, त्यांत गाण्याचा विषय निघतो. कोणी कोणाला प्रत्यक्ष ऐकलं, हा त्यातला पोटविषय. कॅशमधल्या काकांनी सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत थंडीत कुडकुडत भीमसेनांना ऐकलेलं आहे. लोन विभागातल्या बाईंनी अरुण दातेंचा 'शुक्रतारा' कार्यक्रम सात वेळा पाहिलाय आणि सातही वेळा त्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला 'गाऊ नका हो मध्ये' असं म्हणाल्या आहेत. सातांपैकी चार वेळा तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान होते.

या मंडळींचं सगळं सांगून झालं की मी शांतपणे डब्याचं झाकण लावायचो आणि म्हणायचो, "मी बाबूजींचं गीतरामायण समोर बसून ऐकलंय."

शांतता पसरायची. सुधीर फडके २९ जुलै २००२ला गेले. आमच्या शाखेतल्या निम्म्या स्टाफने त्यांना फक्त मोबाइलवर ऐकलेलं. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हा तर माझा भाव इतका वाढला, की एका नव्या मुलाने "सर, ते खरंच असेच दिसायचे?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "साधारण."

आता त्या 'साधारण'बद्दल कबुलीजबाब द्यायचा आहे. पण त्याआधी थोडा इतिहास. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण मागची बाकी पुढे ओढल्याशिवाय खातं लिहिता येत नाही, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं.

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली निघालं. तिथले सीताकांत लाड आणि ग. दि. माडगूळकर यांच्या गप्पांतून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं अशी कल्पना निघाली आणि १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गाणं वाजलं. पहिल्या गाण्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. माडगूळकरांनी गाणं लिहून फडक्यांकडे दिलं, ते हरवलं, ऐन वेळी दोघांत वादावादी झाली, आणि लाडांनी कवीला एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. थोड्या वेळाने गाणं तयार! बँकेत गहाळ झालेलं व्हाउचर डुप्लिकेट करायला आम्हाला तीन सह्या आणि आठ दिवस लागतात. आम्हाला कोणी कोंडत नाही, हे त्याचं कारण असावं.

वर्षाचे आठवडे बावन्न, पण गाणी छप्पन्न झाली. त्या वर्षी अधिक महिना आला होता. म्हणजे छप्पन्न आठवडे एका माणसाने नवं काव्य द्यायचं आणि दुसऱ्याने नवी चाल. किरकोळ रजा नाही, अर्जित रजा नाही. बरं, हे करताना दोघांचे सिनेमे चालूच होते. पहिलं गाणं भूपात आणि शेवटचं भैरवीत, म्हणजे वर्षभराची एकच मैफल मांडावी तसा हिशोब. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे अशी गाणारी मंडळी. लोक रेडिओला हार घालायचे, पुढे उदबत्ती लावायचे म्हणतात. रेडिओला तेव्हा सरकारी लायसन लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे, त्यामुळे लायसन असलेला देव ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. (या पोस्टाकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे, लक्षात ठेवा.)

त्या काळी नभोवाणीचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. म्हणजे आपलेच. सिनेमाच्या गाण्यांनी देशाचे कान बिघडतात असं त्यांचं मत होतं आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि बिनाका गीतमाला ऐकली. शेवटी १९५७ साली सरकारने विविध भारती काढली. शिवाय हार्मोनियमवर आकाशवाणीची बंदी होती ती वेगळीच. १९४० साली, इंग्रजांच्या काळात घातलेली ही बंदी १९७१पर्यंत काही सैल झाली नाही. एकतीस वर्षं! या मुदतीत इंग्रज गेले, संस्थानं गेली, पण पेटी काही परत आली नाही. आणि पुढे गीतरामायण घेऊन बाबूजी गावोगाव मंचावर बसले, ते पेटी पुढ्यात घेऊनच.

आता एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती सांगायला थोडी लाज वाटते. आमचं घर मुलुंडचं. मुलुंडहून गाडीत बसलं की पाचवं स्टेशन घाटकोपर. त्या घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे राहायचे. ज्या १९५५-५६ साली पुण्याहून गीतरामायण चाललं होतं, त्याच साली मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं, गोळीबार होत होते, आणि मैदानात अमर शेख आपल्या पहाडी आवाजात गात होते. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्याच चळवळीतली. एकाच वर्षी, एकाच भाषेत, दोन्हीकडे माणसं जिवाचे कान करून ऐकत होती. एक गाणं सरकारी यंत्रातून घराघरात यायचं. दुसऱ्याला त्या यंत्रात जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते सरकारविरुद्धच होतं. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९मध्ये, एकाच पावसाळ्यात गेले. आमच्या घरी गीतरामायण तोंडपाठ होतं आणि मैनेचं नावही मी वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं. पाच स्टेशनं काही फार लांब नाहीत. आम्ही मधे उतरलो नाही, एवढंच.

असो. उपनगरात गाणं ऐकणं ही एक स्वतंत्र कला आहे. पार्ल्याला उघड्यावर कार्यक्रम असला तर गवई आलाप लांबवतो तो रागाच्या प्रेमाने नव्हे. वरून जाणारं विमान सांताक्रूझला उतरेपर्यंत त्याला दुसरा इलाज नसतो. घाटकोपरलाही तेच. मुलुंड-भांडुपकडे विमानाचा त्रास कमी, पण मैदान रुळाजवळ असेल तर नेमका सीतेचा निरोप चालू असताना कर्जत फास्ट भोंगा वाजवत जाते. आता पार्ल्याला दीनानाथ, मुलुंडला कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार अशी बंदिस्त नाट्यगृहं आहेत. तिथे विमान ऐकू येत नाही, मोबाइल ऐकू येतात. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. भैरवी सुरू झाली की मागच्या रांगांत चपला शोधण्याचा आवाज सुरू होतो. आमच्या पिढीतल्या कित्येकांना भैरवी ही पूर्ण रागिणी आहे हे माहीतच नाही. शेवटच्या लोकलची सूचना असते, अशी त्यांची समजूत आहे.

तर कबुलीजबाब.

मी आठ वर्षांचा असताना, १९८७च्या रामनवमीच्या सुमाराला, बाबा एकदा घरी येऊन आईला म्हणाले, "संध्याकाळी लवकर आटप. शाळेच्या मैदानावर बाबूजींचं गीतरामायण आहे." बाबा सरकारी कचेरीत लेखा विभागात. मार्च एंड नुकताच संपलेला. घरातलं कोणी तिकीट काढून गाण्याला जातंय, ही आमच्या घराण्यातली अभूतपूर्व घटना होती. मला आठवतात त्या गोष्टी तीन. सतरंजीला येणारा डांबरगोळ्यांचा वास. हिरव्या दिव्यांची माळ. आणि मधे पेटी घेऊन बसलेला, पांढरा झब्बा घातलेला एक माणूस. चवथी गोष्ट मला आठवत नाही, पण मला ती सांगितली गेली आहे. चौथ्या गाण्याला मी बाबांच्या मांडीवर झोपलो आणि घरी खांद्यावरून आलो. एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं लंच टाइम गाजवला.

बाबा गेल्या वर्षी गेले. कपाट आवरताना त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. दरवर्षाची एक, पुठ्ठ्याची, पाठीवर लाल कापड. मी आयुष्यभर लोकांची खाती तपासली, पण बापाचं खातं उघडायला हात धजत नव्हता. धाडस करून १९८७ काढलं. दूध, रॉकेल, माझी वॉटरबॅग ("जुनी हरवली, समज दिली"). आणि एप्रिलच्या पानावर: "गीतरामायण, शाळेचे मैदान. तिकिटे २. मूल फुकट. गायक आपल्या पोस्टातले रजिस्टरवाले. बरे गातात."

मी ती नोंद तीनदा वाचली. पोस्टातले रजिस्टरवाले! म्हणजे ज्यांच्या खिडकीवर मी पुढे स्पर्धा परीक्षांचे अर्ज रजिस्टर करायला उभा राहायचो, पावती फाडून देताना जे सदैव खोकायचे, तेच माझे बाबूजी! बाबा खोटं बोलले नव्हते. 'बाबूजींचं गीतरामायण' म्हणजे बाबूजींच्या चालीचं. षष्ठी विभक्तीने माझा घात केला.

वही घेऊन मी आईकडे गेलो. ती शेंगा सोलत होती.

"आई, त्या दिवशी मैदानावर बाबूजी नव्हते?"

"कोण बाबूजी? फडके? ते कशाला येतील आपल्या शाळेच्या मैदानावर दोन रुपयांत! पोस्टातले होते ते. छान गायचे हो. आख्खं गीतरामायण पाठ होतं त्यांना, रेडिओवरून उतरून घेतलेलं. दर रामनवमीला गायचे. कधी पैसे घेतले नाहीत, ते दोन रुपयेसुद्धा शाळेच्या पत्र्यांसाठी होते."

"आणि मी झोपलो ना चौथ्या गाण्याला?"

आई हसायला लागली. "तू कुठला झोपतोस! तू टक्क जागा होतास, शेवटपर्यंत. झोपले ते तुझे बाबा. मार्च एंडचे पंधरा दिवस रात्री अकराला घरी येत होते. पहिल्याच गाण्याला मान टाकली. तू त्यांना सारखा हलवून सांगत होतास, 'बाबा, उठा, वनवासाला निघाले.' घरी आल्यावर त्यांना लाज वाटली, म्हणून म्हणाले, सगळ्यांना सांग, पोरगं झोपलं."

"मग मी खांद्यावरून आलो, ते?"

"ते खरं. चप्पल हरवली होती तुझी."

मी वही मिटली. मग पुन्हा उघडली. आमच्याकडे चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर आडवी रेघ मारतात, वर बरोबर नोंद लिहितात आणि बाजूला आद्याक्षरं करतात. पण बाबांच्या नोंदीत चूक नव्हती. चूक माझ्या खात्यात होती आणि ती तीस वर्षं पुढे ओढली गेली होती. एक मात्र तपासण्यासारखं होतं. मी डोळे मिटून बसलो आणि सीतेच्या वनवासाचं कडवं मनात म्हणून पाहिलं. आवाज आला तो कॅसेटवरचाच, बाबूजींचा. पोस्टातल्या त्या गृहस्थांचा आवाज काही केल्या आठवेना. फक्त खोकला आठवतो.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता डबे उघडले. गाडी गाण्यावर आली. नवा मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही ते सांगा ना, बाबूजींचं." कॅशमधले काका कंटाळून भाजीकडे बघू लागले, त्यांचं हे शंभरदा ऐकून झालेलं.

"बाबूजी नव्हते," मी म्हटलं. "आमच्या पोस्टातले एक जण होते."

लोन विभागातल्या बाईंनी चमचा खाली ठेवला. "कोण, मुलुंडचे का? रजिस्टरच्या खिडकीवरचे? खोकायचे ते?"

"तुम्ही ओळखता?"

"अहो, माझ्या माहेरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे! दर शनिवारी रात्री गच्चीवर गायचे. काय आवाज होता! आम्ही शाळकरी पोरी पाण्याच्या टाकीमागे लपून ऐकायचो. तुम्ही त्यांना स्टेजवर ऐकलंत? झब्ब्यात?"

"पांढऱ्या झब्ब्यात," मी म्हटलं.

"नशीबवान आहात," बाई म्हणाल्या, आणि मग दोन वाजून दहा मिनिटं होईपर्यंत त्याच बोलत होत्या. बाहेर काउंटरवर एक गिऱ्हाईक पासबुक आपटत होतं.