नवगावच्या किनाऱ्यावरची बनी इस्राईल



गेल्या वर्षी कोकण किनाऱ्याच्या सहलीचा बेत मी काही पालकांपुढे मांडला, तेव्हा एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, ज्यूंच्या कबरी पाहून आमच्या पोरांना काय मिळणार?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. फलस्तीनच्या बातम्या वाचून तुमचे मन पेटते, तसे माझेही पेटते. परंतु एखाद्या राज्याची धोरणे वेगळी आणि शेकडो वर्षे आपल्या शेजारी राहून आपलीच मराठी बोललेली माणसे वेगळी. त्या गृहस्थांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते आता येथे देतो.

कुराण शरीफमध्ये "बनी इस्राईल" हा उल्लेख किती वेळा येतो, हे मदरशात शिकणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या कौमेचे हे नाव आपल्याला दूरच्या मिसरशी जोडलेले वाटते. पण हेच नाव स्वतःला लावणारा एक समाज आपल्या महाराष्ट्रात, अलिबागच्या नारळी-पोफळींत राहत आला आहे. ते स्वतःला "बेने इस्रायल" म्हणवतात.

नाशिकहून रात्रीची एस.टी. धरून पहाटे मुंबई गाठावी आणि गेटवेवरून मांडव्याची पहिली लाँच पकडावी. (पावसाळ्यात या लाँच बंद असतात, तेव्हा बेत दिवाळीनंतरचाच करावा.) मांडव्याहून अलिबागकडे जाताना किहीमच्या पुढे नवगाव लागते. त्यांची परंपरा अशी की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे एक गलबत खडकावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. वाहून आलेली प्रेते त्यांनी येथेच पुरली. ती जागा आजही दाखवतात. तेथे स्मारकस्तंभ आहे. या कथेला त्या काळचा लेखी पुरावा नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांच्या खुणा आढळल्या. म्हणजे कथेचा तपशील सिद्ध झाला नाही, पण मूळ दुवा खरा ठरला.

समुद्रात त्यांचे ग्रंथ गेले. पुढे भाषाही गेली. राहिले काय? आठव्या दिवशीची मुलाची सुंता, खाण्यातला हराम-हलालचा विवेक, "शेमा" ही एक प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना "शनिवार तेली" म्हणू लागले. सोमवारी बैलाला विश्रांती देणारे ते "सोमवार तेली". गावाला एवढा फरक पुरेसा होता. त्यावरून कोणाचे डोके फुटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढे दावीद रहाबी नावाचा विद्वान ज्यू तेथे आला. तो केव्हा आला याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याने या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी मासळी वेगळी काढली आणि त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. त्याने तिघांना धर्माचे शिक्षण देऊन समाजाचे न्यायनिवाडे त्यांच्याकडे सोपवले. या प्रमुखांना नाव पडले "काजी". होय, आपलाच काझी! प्रार्थनागृहालाही हे लोक "मशीद" म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनागृह १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले, त्याला "जुनी मशीद" म्हटले जाई. हे दिवेकर कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. त्यांनी आपली जात "बनी इस्राईल" सांगितली, तेव्हा सुलतानच्या मातोश्री म्हणाल्या की ज्यांचे नाव कुराणात वाचले ते लोक आज प्रथमच पाहिले, आणि त्यांना जीवदान मिळाले, असे त्यांच्या घराघरांत सांगत आले आहेत. कथा खरी असो वा रचलेली, ती त्यांनी जपली आहे आणि आपण विसरलो आहोत.

अलिबागेत इस्रायल आळी विचारावी. तेथील "मागेन अबोथ" हे प्रार्थनागृह १८४८ सालचे. नावाचा अर्थ "पूर्वजांची ढाल". गावाचे नाव ज्या अलीच्या बागांवरून पडले तो मुसलमान होता की बेने इस्रायल, यावर दोन्हीकडचे लोक आपापला हक्क सांगतात. मला हे भांडण फार गोड वाटते. जवळच्या खंडाळे गावी (हा घाटावरचा खंडाळा नव्हे) एका खडकावरील खुणा एलियाहू पैगंबरांच्या रथाच्या मानल्या जातात. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. त्यांच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा "मलिदा" करतात. मलिदा हा शब्द आपल्या घरातल्या मुलींना समजावून सांगावा लागणार नाही.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. एवढासा समाज, १९५१ च्या सुमारास सर्व मिळून वीस हजारांच्या आसपास. परंतु त्याने शिक्षण धरले. किहीमचे आडनाव लावणारे हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली; पुढे तीच माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली छापला गेला. झिराड गावचे आडनाव लावणाऱ्या जेरुशा झिराड १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलीला दहावीनंतर घरी बसवण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी १९१९ हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. भायखळ्याची सर जेकब ससून शाळा बगदादी ज्यूंची. तेथे आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. कलकत्त्याच्या ज्यूंनी काढलेल्या मुलींच्या शाळेतही मुसलमान मुलीच जास्त. एका समाजाने लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्याच्या लेकरांना मिळते आहे.

अलिबागहून दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर रेवदंडा. दुपार येथेच घालवावी. पोर्तुगीज तटबंदी, पडकी चर्चे, उंच मनोरा हे सारे मुलांना आवडते. पण शेजारचे चौल त्याहून जुने. अरब प्रवासी अल्-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता. तो या बंदराला सैमूर म्हणतो. येथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत, आणि त्यांचे तंटे सोडवण्यास हिंदू राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता, असे त्याने लिहिले आहे. रेवदंड्यात ज्यूंचे "बेथ एल" प्रार्थनागृह १८४२ पासून आहे. बेथ म्हणजे घर. आपला "बैत" आणि हा बेथ भाऊभाऊच. पलीकडे मुरूडला जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे संस्थान. तेथील कारभारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शलोम बापूजी वारघरकर नावाचे बेने इस्रायल गृहस्थ होते.

१९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तेथेही त्यांना सुखाने घेतले गेले नाही. तुम्ही खरे ज्यू कशावरून, असा प्रश्न तेथील धर्मपंडितांनी विवाहाच्या वेळी विचारला. मोठे आंदोलन झाल्यावर १९६४ साली तेथील संसदेने त्यांना बरोबरीचे मानले. नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांना कोणी दाखला मागितला नव्हता, त्यांना तो तेथे द्यावा लागला. गेलेल्यांनी मराठी मात्र सोडली नाही. "मायबोली" नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालवले.

जाताना मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि दफनभूमीत कबरींवरची आडनावे उतरवायला सांगावीत: चौलकर, रेवदंडेकर, पेणकर, रोहेकर. घरी परतल्यावर आपल्या कोकणी मुसलमान नातेवाइकांची आडनावे त्याच पानावर लिहावीत. शनिवारी प्रार्थनेचा दिवस असतो, तेव्हा जाणे रविवारीच ठेवावे. आत शिरताना डोके झाकावे. आपल्या मुलांना ते कसे, हे शिकवावे लागत नाही.